डावरीची गंमत

गंमत हा शब्द कानावर पडला की डावरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुसऱ्या कुणाला तो शब्द ऐकून हसू येत असेल, तर येवो बापडं. तिला त्या एका शब्दानं अर्धं आयुष्य छळलं होतं. छळणारा माणूस वाईट असता तर एक वेळ परवडलं असतं. पण तो चांगला होता, आणि चांगल्या माणसाशी भांडायला गेलं की आपणच कजाग ठरतो.

डावरी म्हणजे विभागातली ज्येष्ठ संशोधक. शिक्षणानं पदार्थविज्ञानाची, आणि काम स्फटिकांचं. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, ते विखुरले की त्यांचे ठिपके वाचायचे आणि आत कुठला अणू कुठे बसलाय ते शोधून काढायचं. लिहायची डाव्या हातानं, म्हणून डावरी. आज तिचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. दुपारी सभागृहात निरोप समारंभ होता आणि प्रमुख वक्ते होते मोठे सर, तिचे गुरू. मोठे सर माइकपुढे उभे राहिले की कुठली गोष्ट सांगणार, हे शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आज ती गोष्ट सांगितली गेली, की ह्या इमारतीत तिच्यामागे तेवढीच उरणार होती.

म्हणून सकाळी आल्या आल्या ती विभागप्रमुखाच्या खोलीत शिरली. तो तिचाच विद्यार्थी. डोक्यावरचे केस मागं गेलेले, पोट पुढं आलेलं, पण तिच्यासमोर अजूनही चुळबुळ करणारा.

"हे बघ," ती खुर्चीत न बसताच म्हणाली, "सरांना हवं तेवढं बोलू दे. पण ती गोष्ट नको. आज ती गोष्ट निघाली तर मी उठून चालती होईन. मग तुझी सभा तू सांभाळ."

"मॅडम, मी बोललोय सरांशी."

"मग? काय म्हणाले?"

त्यानं टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. "म्हणाले, अरे, गंमत आहे ती. तिला चालतं."

"तिला चालतं! तिला विचारलं कुणी?" डावरीचा आवाज बाहेरच्या टायपिस्टपर्यंत पोचला असणार, कारण तिकडची टकटक थांबली. "तूही बसून हसतोस दर वेळी. बघते मी."

"सगळे हसतात म्हणून हसतो, मॅडम."

"वा! छान!" असं म्हणून ती बाहेर पडली आणि दार जरा जोरातच लागलं.

आता ती गोष्ट काय, ते सांगायलाच हवं. त्याशिवाय तिचा राग पुरता कळायचा नाही.

डावरी घरात धाकटी. डाव्या हातात पेन्सिल धरते म्हणून शाळेत हातावर पट्ट्या बसायच्या. घरी ताई, म्हणजे थोरली बहीण, मास्तरीण व्हायची. तिनं डावरीचा डावा हात रुमालानं पाठीशी बांधून पानंच्या पानं गिरवून घेतली. एक दिवस वडिलांनी तो रुमाल सोडला. ताईला म्हणाले, "हात तिचा आहे ना? मग तुझं काय जातंय?" तेव्हापासून पोरगी डाव्या हातानं लिहू लागली. कात्री मात्र उजव्याच हातात धरायची, कारण दुकानात मिळायच्या त्या सगळ्या कात्र्या उजव्यांच्या. डाव्या हातात धरली की कागद कापायच्या ऐवजी दुमडायचा. हे डोळे उघडे असणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. पण बघायचं कुणी?

पुढे ती शिकली आणि मोठ्या सरांच्या हाताखाली लागली. सर तेव्हा ऐन भरात होते. विद्यार्थ्यांवर जीव टाकणारा माणूस, आजारी पोराच्या घरी स्वतः औषध घेऊन जाणारा. फक्त स्वतः चुकू शकतो, हे त्यांना कधी सुचायचं नाही. कुणी सुचवलंच, तर ते इतकं गोड हसायचे, की सुचवणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

त्या काळी ठिपके फिल्मवर उमटायचे. फिल्म दोन्ही अंगांनी सारखी. धुऊन वाळवल्यावर सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली, हे कळायला मार्ग नाही. उलटी वाचली की डाव्याचं उजवं झालंच. एरवी त्यानं फार बिघडत नाही. पण काही रेणूंना डावं-उजवं असतं, हातमोज्यांसारखं. अणू तेच, जोडणी तीच, तरी डाव्याचा मोजा उजव्या हातात चढत नाही. शरीराला हा फरक बरोब्बर कळतो. एक रूप औषध ठरतं आणि त्याचंच आरशातलं रूप पोटात जाऊन काहीसुद्धा करत नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म डबीत भरतानाच तिचा वरचा उजवा कोपरा कात्रीनं उडवायचा, म्हणजे पुढे घोटाळा नको. हे काम डावरीकडे होतं.

एका झाडाच्या सालीतून रसायनवाल्यांनी एक पदार्थ काढला. हृदयाचे भरकटलेले ठोके ताळ्यावर आणणारा. त्याचा रेणू डावा की उजवा, हे सरांच्या प्रयोगशाळेनं सांगायचं होतं. स्फटिक धरेना. बाटलीच्या तोंडाला कागद बांधायचा, त्याला टाचणीनं भोकं पाडायची आणि आतलं द्रावण हळूहळू उडून तळाशी काहीतरी धरेल म्हणून वाट बघायची. कधी चिकट लगदा व्हायचा, तर कधी केसासारखे तंतू. डावरीनं हट्ट सोडला नाही. शेवटी एका बाटलीत साखरेच्या दाण्याएवढा, स्वच्छ, टोकदार स्फटिक धरला. तिनं तो श्वास रोखून काचेच्या तंतूवर चिकटवला, फिल्म घेतल्या, धुतल्या, एकेका ठिपक्याचा काळेपणा डोळ्यांनी फिकट-गडद छटांच्या पट्टीशी ताडून लिहून काढला. आता राहिले अक्ष. स्फटिकाची लांबी, रुंदी, उंची कुठल्या दिशेला धरायची, ते ठरवायचं. इथं चुकलं तरीही डाव्याचं उजवं होतं. दुसऱ्या दोन स्फटिकांचे अक्ष तिनंच मांडले होते. हाही तीच मांडणार होती. पण काम मोठं होतं, नाव होणार होतं. सर म्हणाले, "हा मी बघतो," आणि कागद पेन्सिल घेऊन बसले.

निष्कर्ष छापून आला. वाहवा झाली. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी तो रेणू आकृतीबरहुकूम बनवायला घेतला. बिचाऱ्यांनी त्यात किती घाम गाळला असेल! बनवला, आणि त्यानं एकाही ठोक्यावर काडीचा परिणाम होईना. खूप शोधाशोध केल्यावर त्यांना कळलं, की छापलेली आकृती उलटी आहे. सरांनी डावा सांगितलेला रेणू उजवा होता.

सरांनी सगळ्यांना बोलावलं. रागावले नाहीत. ते कधी रागवायचेच नाहीत, तिथंच तर सगळं नडलं.

"कोपरे कुणी कापले?"

"मी, सर."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"अगं, तू डावरी ना!" आणि सर मनापासून हसले. "डावरीनं कोपरा डावीकडचा कापला, आणि रेणूसुद्धा डावरा झाला!"

खोलीतले सगळे हसले. ती म्हणाली, "सर, त्याच आठवड्यात, त्याच कात्रीनं मी आणखी दोन स्फटिकांच्या फिल्म कापल्या. ते दोन्ही बरोबर आलेत. कोपरे चुकले असते तर तेही उलटे आले असते. ह्याचे अक्ष तेवढे तुम्ही मांडलेत."

ह्यात न कळण्यासारखं काय होतं? शाळेतल्या पोरालाही पटलं असतं. पण सरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस." पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली. फिल्मवर खूण करताना झालेल्या चुकीमुळे, असे त्यात शब्द होते. खूण कोण करतं हे ज्यांना कळायचं, त्यांना कळलं.

आणि मग सुरू झाली गंमत! सर परिसंवादात ती सांगत, नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला सांगत, पाहुण्यांना चहा देता देता सांगत. गोष्ट दर वेळी थोडी रंगत जाई. तिला वरच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं, तेव्हा समितीतल्या एका सद्गृहस्थांनी हसत विचारलं, "काय बाई, कात्री आता कुणाकडे असते?" बाकीचे खुसखुसले. ती जागा दुसऱ्याला मिळाली. आता त्या हसण्यामुळेच गेली, असं कोण छातीवर हात ठेवून सांगणार? पण तिच्या मनातून ते कधी गेलं नाही. त्या दिवशी घरी येऊन तिनं स्वच्छ भांडी पुन्हा काढून घासली. नवरा बस डेपोत वेळापत्रकं लावणारा, शांत माणूस. तो दारात उभा राहून म्हणाला, "अगं, जाऊ दे ना."

"कुठे जाऊ दे? जाते कुठे ती? मी जिथं जाते तिथं माझ्याआधी पोचलेली असते!"

रागानं माणसं वाया जातात म्हणतात. डावरी वाया गेली नाही. तिनं तो राग कामाला जुंपला. तिला अशी रीत हवी होती, की रेणू डावा की उजवा हे कुणाच्या कोपऱ्यावर, कुणाच्या कात्रीवर आणि कुणाच्या मोठेपणावर अवलंबून राहणार नाही. एरवी एका बाजूचा ठिपका आणि त्याचा समोरचा जोडीदार सारखेच काळे दिसतात. रेणूत एखादा जड अणू असेल, जसा त्या सालीच्या पदार्थात मुद्दाम घातला होता, तर त्यांच्यात किंचित फरक पडतो, आणि त्या फरकावरून डावं-उजवं कळतं. सगळे म्हणत, जड अणू नसेल तर फरक इतका बारीक, की यंत्राच्या चुकांत बुडून जातो. ती म्हणाली, बुडतो कारण तुम्ही एक ठिपका आज मोजता आणि त्याचा जोडीदार उद्या. दोघांना लगोलग, एकाच दमात मोजा. यंत्र चुकायचं तेवढं दोघांच्या बाबतीत सारखंच चुकेल, आणि वजा केलं की ती चूक उडून जाईल. फिल्म जाऊन किरण मोजणारी यंत्रं आली, ती जाऊन नवी आली, प्रत्येकावर तिनं ही रीत बसवली. शिवाय तिनं एक आकडा काढला, जो उत्तरासोबत त्या उत्तराचा भरवसाही सांगतो. भरवसा कमी असेल तर तिचा आकडा सरळ म्हणतो, की मला माहीत नाही. असं म्हणणारा त्या इमारतीत तो एकटाच होता.

तिच्या रीतीनं जुन्या छापील आकृत्या तपासल्या, तर कितीतरी उलट्या निघाल्या. भल्याभल्यांच्या निघाल्या. त्यातला एकही डावरा नव्हता. दूरदूरचे लोक आपले स्फटिक तिच्याकडे पाठवू लागले. आणि एवढं सगळं होऊनही, विभागात नवा पोरगा आला की आठवडाभरात त्याच्या कानात कुणीतरी कुजबुजणारच, त्या मॅडम माहितीयत का, कोपऱ्यावाल्या?

तर असा तो शेवटचा दिवस. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत नवरा इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला, शेजारी ताई, आता पिकलेल्या केसांची. व्यासपीठावर विभागप्रमुख, मोठे सर आणि डावरी. सरांचं वय झालं होतं. काठी टेकत उठले, काठी खुर्चीला लावली, उजव्या हातात माइक घेतला. सुरुवात फार सुंदर केली. तिच्या रीतीबद्दल बोलले, आणि बारकावे चुकवले नाहीत. डावरीला क्षणभर वाटलं, उगाच आपण सकाळी त्या पोराला झापलं.

"आता एक गंमत सांगतो," सर म्हणाले.

विभागप्रमुख आपल्या बुटांकडे बघू लागला. डावरीनं पर्स उचलली. जायचं म्हणजे जायचं. तिनं खुर्ची मागं सरकवली, तिचा करकर आवाज माइकमधून सगळीकडे गेला, तरी सरांच्या लक्षात आलं नाही. मागच्या रांगांतली मुलं तर आधीच हसायच्या तयारीत होती.

"पण आधी नव्या मुलांसाठी सांगतो," सर म्हणाले, "डावं-उजवं आम्ही ठरवतो कसं? अगदी सोपं आहे. हा अंगठा म्हणजे पहिला अक्ष, ही तर्जनी दुसरा, हे मधलं बोट तिसरा. उजव्या हाताची ही तीन बोटं अशी काटकोनात धरायची, बस्स." आणि त्यांनी मोकळा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

मोकळा हात डावा होता.

डावरी अर्धवट उठलेली तशीच थांबली. परीक्षेत दर वर्षी ती वर्गात फेऱ्या मारायची, आणि दर वर्षी दोन-चार पोरं हेच करताना दिसायची. उजव्या हातात पेन, म्हणून मोकळा तो डावा, आणि त्याचीच बोटं वाकडी करकरून अक्ष मांडायचे. उत्तर उलटं यायचं. ती मार्क कापायची आणि मनाशी हसायची. ही चूक तिच्या हातून कधी होणंच शक्य नव्हतं. तिचं पेन डाव्या हातात, मोकळा तो उजवा! आणि त्या दिवशी टेबलाशी उजव्या हातात पेन्सिल घेऊन कोण बसलं होतं? इतकी वर्षं ती अक्ष चुकलेत म्हणून ओरडत होती, पण कसे चुकले हे तिलाही ठाऊक नव्हतं. सरांनी असली पोरकट चूक केली असेल, हे तिच्याही मनाला कधी शिवलं नव्हतं. तिला सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"सर," ती म्हणाली. आवाज चांगलाच चढला होता. "हात बघा."

"काय गं?"

"हात बघा तुमचा. कुठला आहे?"

सरांनी हसत बघितलं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे बदलले. त्यांनी माइक डाव्या हातात घेतला, उजव्या हाताची बोटं धरून बघितली. मग पुन्हा माइक बदलला, पुन्हा डावा हात. सभागृहात कुणाला काही कळेना.

"पेन्सिल," सर पुटपुटले. "माझ्या हातात पेन्सिल होती."

"हो."

म्हातारा माणूस जागच्या जागी हलला. मग ताठ उभा राहिला, आणि एवढं मात्र खरं, की त्यानं वेळ काढला नाही. "ऐका सगळे," सर म्हणाले. "मी आजवर सांगत आलो ते खोटं आहे. चूक हिची नव्हती. हिनं कोपरा बरोबर कापला होता. अक्ष मी मांडले, आणि ते डाव्या हातावर मांडले. चूक माझी होती."

मग मागून कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या. विभागप्रमुखानं धावत जाऊन दुसरा माइक पकडला. त्याचा चेहरा सुटल्यासारखा उजळला होता.

"बघा! ह्याला म्हणतात गुरू! निरोपाच्या दिवशी शिष्येची चूक सरांनी स्वतःच्या अंगावर घेतली! ह्याला म्हणतात मोठेपणा!"

"अहो, नाही, खरंच," सर म्हणाले, तर हशा दुप्पट झाला. लोक उठून उभे राहिले. पहिल्या रांगेत ताई डोळे पुसत टाळ्या वाजवत होती, सख्खी बहीण! फक्त नवरा बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ घट्ट मिटलेले.

डावरीच्या कानशिलांत रक्त उसळलं. एवढं झाल्यावर, सगळं उघड्यावर आल्यावर, त्याचंही श्रेय ह्याच माणसाला! तिची चूक नव्हती, हेसुद्धा त्याच्या मोठेपणाच्या खात्यावर जमा!

सर गोंधळून खुर्चीत बसले, माइक मांडीवर ठेवून. "अगं, मी खरं तेच सांगितलं," ते तिला म्हणाले. "कुणी ऐकूनच घेत नाही."

"नाहीच घेत. मी सांगत होते तेव्हा तुम्ही तरी कुठं घेतलंत?"

सरांनी समोर टाळ्या पिटणाऱ्या लोकांकडे बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे. "मग आता काय करू?"

तिनं त्यांच्या मांडीवरचा माइक उचलून त्यांच्या हातात कोंबला. "उठा. टाळ्या थांबल्या की परत सांगा. परत हसले तर परत सांगा."

"पाय दुखतात गं माझे."

"दुखू देत," ती म्हणाली. तिनं त्यांना कोपराला धरून उभं केलं, आणि ते खाली बसू नयेत म्हणून कोपर तसंच धरून ठेवलं.